सहीपुरती संचालक

पतसंस्थेचा शिपाई स्प्लेंडरवरून यायचा आणि गाडी बंद न करताच फाटकातून हाक मारायचा, "वैनी, सही!" खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं इतिवृत्ताचं रजिस्टर तो ओट्यावर ठेवायचा. पान आधीच उघडलेलं आणि सही करायची तिथं पेन्सिलीची फुली. २०१५ च्या जूनमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा मी म्हशीची धार काढत होते. हात पदराला पुसले, त्याच्याच खिशातलं जेल पेन घेतलं आणि सही केली. अंगठ्याला ओल राहिली होती, त्यामुळं शेवटच्या अक्षराची शाई फुटली आणि रुपयाएवढा निळा डाग पडला. शिपाई म्हणाला, "चालतंय की." मलाही चालत होतं.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. ऊस, दूध आणि या दोन्हींची बिलं हातात पडेपर्यंतची उधारी, यावर गाव चालतं. ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा २०११ मध्ये मिळाल्या आणि पुढच्याच निवडणुकीत सरपंचपदाची चिठ्ठी आमच्याकडं महिलेची निघाली. २०१२ च्या अखेरीस मी सरपंच झाले. सुरुवातीचं वर्षभर लोक माझ्याशी बोलताना माझ्या मालकांकडं बघायचे. पण चेकवर ग्रामसेवकाच्या सहीशेजारी माझीच सही लागायची आणि ती माझ्या मालकांना करता येत नव्हती, त्यामुळं हळूहळू नजर माझ्याकडं वळली.

पतसंस्थेत मात्र मी कुणाच्या मतांनी गेले नाही. २०१५ मध्ये संस्थेची निवडणूक लागली. निवडणूक झाली की तिचा खर्च संस्थेच्याच माथी, म्हणून दोन्ही पॅनेलांनी बसून जागा वाटून घेतल्या आणि बिनविरोध करायचं ठरवलं. कायद्यानं दोन जागा महिलांच्या. त्यातली एक चेअरमनच्या भावजयीला गेली, दुसरीसाठी ते स्वतः आमच्या घरी आले. गाव त्यांना आबा म्हणतं. चहा घेता घेता म्हणाले, "वैनी, तुमचं नाव घातलंय. सरपंचच संचालक असल्यावर संस्थेचंबी वजन वाढतंय. आणि तुम्हास्नी यायला काय लागणार न्हाई, आम्ही हाय की." हे शेवटचं वाक्य त्यांनी सवलत दिल्यासारखं म्हटलं होतं आणि मीही ते तसंच घेतलं. अर्जाला थकबाकी नसल्याचा दाखला जोडला, झाले संचालक. पगार नाही, मानधन नाही. सभेला हजर राहिलं तर भत्ता, आणि तो चहा-वडापावात संपेल इतकाच. घरी रजिस्टरवर सही केली तरी तो भत्ता मिळायचा हे मला नंतर कळलं. शिपाई रजिस्टरासोबत पाकीट आणायचा आणि मी ते न मोजता डब्यात टाकायची.

मला हिशेबातलं काही कळत नव्हतं असं नाही. बचत गटाचं दप्तर मी नऊ वर्षं लिहिलं होतं. बारा बायका, महिन्याची पन्नास रुपये बचत, बैठक समाजमंदिरात. कर्ज मागणारी बाई समोर बसलेली असायची आणि तिच्या डब्यात पीठ किती आहे इथपर्यंत बाकीच्या अकराजणींना ठाऊक असायचं. कशाला पाहिजे, कुठून फेडणार, मागचा हप्ता का चुकला, हे तोंडावर विचारायच्या. बैठकीला आली नाही तर दहा रुपये दंड. असल्या गटात वाढलेली बाई घरी बसून लाखालाखाच्या कर्जांवर सह्या करत होती आणि यात काही विचित्र आहे असं तिला वाटत नव्हतं. कारण साधं आहे. गट आम्हा बायकांचा होता, पतसंस्था पुरुषमाणसांची.

जाग आणली ती लेखापरीक्षकांनी. सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा झाली. तासाभरात बारा विषय मंजूर झाले आणि नंतर मसालेभात, जिलेबी. जेवणाच्या पंगतीत लेखापरीक्षक माझ्या शेजारी बसले होते. निवृत्तीला आलेला, हळू बोलणारा माणूस. म्हणाले, "ताई, जुलैच्या मासिक सभेला तुम्ही हजर दिसताय."

"हो."

"त्या दिवशी दुपारी आपण इस्लामपूरला पंचायत समितीच्या जिन्यात भेटलो होतो. तुम्ही टँकरच्या कामाला आला होता."

माझा घास हातात राहिला. त्यांनी मात्र रागावल्यासारखं काही केलं नाही, उलट माझ्या पानात जिलेबी वाढायला लावली आणि सहकारी कायद्यातलं कलम ८८ समजावून सांगितलं. संस्थेचं नुकसान झालं, चौकशी लागली, की ते पैसे कुणाकुणाकडून भरून घ्यायचे हे या कलमाखाली ठरतं. "तिथं सही बघतात. बाईला विचारलं नव्हतं, नवऱ्यानं सांगितलं, शिपाई घरी आला, हे तिथं कुणी ऐकत नाही. आणि एखादी गोष्ट पटली नाही तर विरोध इतिवृत्तात लिहून घ्यायचा. तोंडानं बोललेलं आम्हाला दिसत नाही."

पुढच्या सभेला शिपाई यायच्या आधी मीच जाऊन बसले.

बसले म्हणजे, खुर्ची नव्हती. संचालकांच्या टेबलाभोवती माणसं येतात तेवढ्याच खुर्च्या ठेवायची पद्धत होती. काउंटरवरच्या मुलीनं तिची आणून दिली आणि सभा संपेपर्यंत ती उभ्यानं नोटा मोजत राहिली. आधी अर्धा तास कारखान्याच्या पहिल्या उचलीवर चर्चा, मग व्यवस्थापक एका दमात नावं वाचू लागले. अमुक अमुक, दूधव्यवसाय, दीड लाख. मंजूर. तमुक, घरदुरुस्ती, ऐंशी हजार. मंजूर. सूचक कोण, अनुमोदक कोण हे ते नंतर सोयीनं भरून घ्यायचे. सातव्या नावाला मी म्हणाले, "ह्यांचे जामीनदार कोण?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं काही तरी अडाण्यासारखं विचारलं. व्यवस्थापकांनी फाईल उघडली. दोन जामीनदारांपैकी एकाला आमच्या ग्रामपंचायतीनं थकीत पाणीपट्टीची नोटीस काढली होती, मागच्याच आठवड्यात, माझ्याच सहीनं.

सरपंचाला हा एक फायदा असतो, आणि तोच तोटाही. कुणाचं नळजोड तुटलंय, कुणाचं शौचालयाचं अनुदान अडकलंय, कुठल्या घरात भावाभावांची वाटणी चालू आहे, हे सगळं चावडीत बसून कळतं. पतसंस्थेच्या अर्जात ते नसतं. अर्जात सगळेच सुखी. मी ती माहिती वापरावी की नाही हा प्रश्न मला आजही नीट सुटलेला नाही. घरपट्टी थकली म्हणून माणूस कर्ज बुडवेल असं नाही. पण तोंड बंद ठेवावं तर मग मी तिथं बसले कशाला?

हळूहळू ताळेबंद वाचायला शिकले. नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीला काढायलाच लागतो, लाभांश पंधरा टक्क्यांच्या वर देता येत नाही, असे नियम कळले. सगळ्यात घाबरवणारी गोष्ट वेगळीच होती. बँक बुडाली तर ठेवीदाराला तेव्हा एक लाखापर्यंत विम्याचे पैसे मिळायचे, आता पाच लाखांपर्यंत मिळतात. पतसंस्थेच्या ठेवीला ते संरक्षण नाही. आमच्या गावात पतसंस्थेला सगळे "बँक"च म्हणतात. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी वडेवाल्याकडून पन्नास आणि भाजीवालीकडून वीस रुपये घेतो, मशीनमधून चिठ्ठी काढून देतो. त्या भाजीवालीला वाटतं, पैसे सरकारात आहेत. जळगावकडच्या पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेल्या लोकांच्या बातम्या आम्ही वाचल्या होत्या, पण त्या लांबच्या. आपल्या ओसरीत बसून भेंडी निवडणाऱ्या बाईच्या वीस-वीस रुपयांना आपली सही सोडून दुसरा आधार नाही, हे समजल्यावर त्या महिन्यात मला दोन-तीन रात्री झोप लागली नाही. हे मोठेपणानं सांगत नाही, भीतीनं लागली नाही.

मग नोटाबंदी आली. ८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. योगायोग असा की त्या संध्याकाळी मी पतसंस्थेतच होते, बचत गटाचा भरणा करायला गेले होते. साडेसहाला रोखपालानं शिल्लक मोजली, पाचशेच्या किती, हजाराच्या किती, शंभराच्या किती, अशी नोटांची फोड लिहिली आणि तिजोरी बंद केली. रात्री टीव्हीवर पंतप्रधान बोलले.

त्या पंधरा दिवसांत माझ्या दोन खुर्च्या एकमेकींशी भांडत होत्या. सरकारनं घरपट्टी-पाणीपट्टी जुन्या नोटांत घ्यायला परवानगी दिली. ग्रामपंचायतीत रांग लागली. सात-सात वर्षांची थकबाकी लोकांनी हसत भरली, काहींनी तर पुढच्या वर्षाचीही घ्या म्हणून आग्रह केला. ग्रामसेवक भाऊसाहेबांना पावत्या फाडायला वेळ पुरेना. आणि रस्त्याच्या पलीकडं पतसंस्थेत त्याच नोटांना आम्ही हात लावू शकत नव्हतो. "चावडीत चालतंय, मग बँकेत का न्हाई? दोन्हीकडं तुम्हीच की!" हे मला त्या काळात किती जणांनी विचारलं याची मोजदाद नाही. पतसंस्था बँक नाही, हे पहिल्यांदाच गावाला कळत होतं आणि ते सांगायची पाळी माझ्यावर आली होती.

आमची खाती जिल्हा बँकेत. १४ तारखेपासून जिल्हा बँकांनाही जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. चालू खात्यातून आठवड्याला पन्नास हजार काढता येतील असा नियम होता, पण तेवढी रोकड बँकेच्या शाखेत असेल तर ना. म्हणजे हजारो ठेवीदारांची संस्था आणि आठवड्याला हातात पन्नास हजार, तेही नशीब असेल तर. पहिल्या दिवशी काउंटरवर जो आधी आला त्याला मिळाले, बाराच्या आत तिजोरी रिकामी. दुसऱ्या दिवशी आम्ही यादी केली. दवाखाना आधी, मग मयत, मग लग्न, बाकीच्यांना डोई हजार रुपये. ती यादी घेऊन काउंटरशेजारी मी बसले, कारण माणसांना लोक शिव्या द्यायचे आणि मला देताना थोडे अडखळायचे. एक म्हातारी रोज यायची. तिचे अकरा हजार होते. रोज विचारायची, "बाई, माझं हायत न्हवं?" पैसे नको असायचे तिला. आहेत एवढं ऐकायचं आणि जायची.

याच गडबडीत ११ तारखेला रात्री नऊ वाजता तातडीची सभा बोलावली गेली. विषयपत्रिका नव्हती. गावातले एक मोठे बागायतदार, त्यांच्याकडं सहा लाख रोख, सगळं हजार-पाचशेत. घरातल्या आठजणांच्या नावानं ठेवी करायच्या, तारीख ८ नोव्हेंबरची टाकायची. संगणकात त्या दिवसाचा डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, अजून केलेलं नाही, असं कुणीतरी सांगितलं. माणूस संस्थेचा जुना ठेवीदार, अडीअडचणीला उभा राहणारा. आबा गप्प होते. बाकीचे छताकडं बघत होते. कुणीतरी म्हणालं, "तीन दिवसांचा तर प्रश्न हाय."

मी म्हणाले, "आठ तारखेला शिल्लक मोजली तेव्हा मी उभी होते. नोटांची फोड लिहिलीय, त्यावर रोखपालाची सही आहे. त्यात हे सहा लाख कुठं बसवणार?"

"फोड दुसरी लिहिता येती."

"मग माझा विरोध लिहून घ्या."

खोलीत शांतता पसरली. मी काही धाडस केलं नव्हतं. पंगतीत ऐकलेलं एक वाक्य तेवढं आठवलं होतं. पण त्या वाक्यात काय ताकद आहे हे मला त्या क्षणी दिसलं. विरोध लिहायचा म्हणजे आधी विषय लिहायला लागतो, आणि हा विषय कुणालाच लिहायचा नव्हता. दहा मिनिटांनी आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. जावा घरला." त्या रात्रीच्या सभेची नोंद कुठंच नाही. त्या बागायतदारांनी पुढच्या पाडव्याला आपल्या सगळ्या ठेवी मोडून दुसऱ्या संस्थेत नेल्या आणि याचं खापर वर्षभर माझ्यावर फुटत राहिलं. व्यवस्थापक तर ठेवींचा तक्ता वाचताना त्या महिन्यापाशी थांबून माझ्याकडं बघायचे.

दुसरा प्रसंग याच्याइतका चमकदार नाही, पण मला जास्त महाग पडला.

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. घराचा कागद म्हणजे तेव्हा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. पतसंस्था घर तारण घेते तेव्हा ग्रामपंचायतीला पत्र देते आणि त्या मिळकतीपुढं बोजाची नोंद होते. कर्ज फिटेपर्यंत ती राहते. म्हणजे पत्र पाठवणाऱ्या संस्थेत मी संचालक आणि नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात मी सरपंच. माझ्या चुलत दिरानं गाईंसाठी दोन लाख घेतले होते. त्या सभेला मी हजर होते, मंजूरही म्हणाले होते, खुर्चीवर बसून, शुद्धीवर असताना. गाई आजारानं गेल्या, हप्ते थकले. २०१७ च्या फेब्रुवारीत तो एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. अर्धं घर विकायचं होतं. "वैनी, भाऊसाहेबाला सांगा, शेरा न टाकता उतारा द्या. पैसं आलं की पयलं बँकेचं भागवतो."

तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्यानं खरंच भागवले असते, बहुतेक. मी नाही म्हटलं. विकायचंच असेल तर गिऱ्हाईक पतसंस्थेत आणून बसव, व्यवहारातूनच कर्ज फेड, असं सांगितलं. गिऱ्हाईक बोजा ऐकूनच पळालं. घरी आमचे मालक तीन दिवस माझ्याशी जेवणापुरतंही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "भाऊबंदकीत आता तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई." मी म्हणाले, "मला तर दोन हापिसांत तोंड दाखवायचंय." हे मी तेव्हा फार टेचात म्हटलं, पण पुढं त्याची किंमत तिसऱ्यानंच मोजली.

त्या कर्जाला एक जामीनदार होते, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. सहकारी कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळाला की जामीनदारही कर्जदाराइतकाच धरला जातो, आणि पगारदार जामीनदार हा वसुलीला सगळ्यात सोपा. पगारातून कपात सुरू झाली. गुरुजींची बायको आमच्या बचत गटात पहिल्या दिवसापासून होती. एका बैठकीला आली, आपली बचत मागितली, मोजून घेतली आणि पुन्हा आली नाही. मी तिच्या दारात दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी तिनं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

२०१७ मध्ये माझी सरपंचपदाची मुदत संपली. त्या वेळी सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा आला होता आणि आमची जागा दुसऱ्या प्रवर्गाला गेली. सकाळी ओसरीवर असणारी चपलांची गर्दी आठवड्याभरात ओसरली. पतसंस्थेत मात्र मी होतेच. खरं सांगायचं तर तिथलं काम मला तेव्हापासून नीट जमायला लागलं, कारण माझ्याकडं देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. सरपंचाकडं माणूस येतो तो होकार घ्यायला. नळ, दाखला, घरकुल, रस्त्यावरचा दिवा. आज नाही तर पुढच्या मासिक सभेत बघू, एवढं तरी सांगता येतं. संचालकाला नाही म्हणायला लागतं आणि तेही आजच. एका तोंडानं दोन्ही करताना मी पहिली दोन वर्षं नुसती अडखळत होते.

२०१८ मध्ये एका पोल्ट्रीच्या कर्जाचं नवं-जुनं करायचा विषय आला. जुनं थकलेलं कर्ज नव्या कर्जातून फेडून घ्यायचं, म्हणजे कागदावर थकबाकी दिसत नाही आणि मार्चअखेर सुखात जाते. मी विरोध केला, मुद्दे सांगितले, आणि इतिवृत्तात लिहून घेतला. ठराव बहुमतानं पास झाला. मला त्या दिवशी स्वतःचं बरंच कौतुक वाटलं होतं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी पेठेत आलं. पतसंस्थेचं कार्यालय तळमजल्यावर. तारणाचं सोनं आणि रोकड आदल्या रात्री हलवली होती. कर्जरोखे लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते, वाचले. खालच्या कप्प्यातली जुनी रजिस्टरं गाळात गेली. पाणी उतरल्यावर आम्ही ती शाळेच्या हॉलमध्ये आणली. शिवण उसवून पानं सुटी केली, दोऱ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालावे तशी पानं टाकली, खाली पंखे लावले. दोन पानं एकमेकांना चिकटली की मध्ये पातेल्याची वाफ देऊन सोडवायची, ही युक्ती काउंटरवरच्या मुलीची. चार दिवस आम्ही दोघी आणि शिपाई तेच करत होतो. सगळीकडं कुजक्या उसाचा आणि ओल्या कागदाचा वास.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातात जून २०१५ चं पान आलं. जेल पेननं केलेल्या सगळ्यांच्याच सह्या आता फुटल्या होत्या, त्यात माझा तो रुपयाएवढा डाग आता वेगळा उठून दिसत नव्हता. पण ठराव निळ्या बॉलपेननं लिहिलेला होता, तो जसाच्या तसा होता. चार वर्षांनी मी तो पहिल्यांदा वाचला. पोल्ट्री शेडसाठी आठ लाख, तारण रस्त्याकडचा मोकळा प्लॉट, मूल्यांकन अहवालाची वाट न बघता मंजूर, सर्वानुमते. ज्याच्या नवं-जुन्याला मी एवढ्या तोऱ्यात विरोध लिहून घेतला होता, ते कर्ज हेच.

मी ते पान दोरीवर टाकलं. शिपाई शेजारी उभा होता. त्यानं ते वाचलं होतं की नाही माहीत नाही. म्हणाला, "वैनी, तवा तुमी धार काढत हुता." त्याला आठवत होतं.

२०२० च्या सुरुवातीला कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली, लोकांनी चिकन खायचं सोडलं, कोंबड्यांचा भाव कोसळला आणि ते पोल्ट्रीवालं कर्ज कायमचं बसलं. प्लॉटचा लिलाव दोनदा पुकारला, दोन्ही वेळा बोली लागली नाही, कारण प्लॉटची किंमत कर्जाच्या निम्मीही नव्हती. मग चाचणी लेखापरीक्षण झालं आणि २०२१ मध्ये सगळ्या संचालकांना खुलासा मागणारी नोटीस आली. २०१५ चं मूल्यांकनाशिवायचं कर्ज आणि २०१८ चं नवं-जुनं, दोन मुद्दे. दुसऱ्यात मी सुटले होते. पहिल्यात अडकले होते, आणि ज्या सभेत अडकले होते तिथं मी नव्हतेच.

वकिलांनी सगळ्यांचा मिळून एक खुलासा तयार केला. शिपाई तो घेऊन घरी आला. खताची पिशवी जाऊन आता प्लास्टिकचं फोल्डर आलं होतं, पेन्सिलीची फुली तीच. मी म्हणाले, "ठेव तिथंच, मी हापिसात येते."

हापिसात बसून चारही पानं वाचली. दोनदा चहा आला. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, सर्व संचालकांनी सभेस प्रत्यक्ष हजर राहून, कागदपत्रे तपासून, एकमताने निर्णय घेतला. मी आबांना म्हणाले, "मी हजर नव्हते, हे तुम्हाला माहिती आहे."

"वैनी, तुम्ही नव्हता म्हणून लिवलं तर माझी भावजयबी नव्हती, आणि आणखी तिघं नव्हतं. मग कोरम कुठला? सभाच खोटी ठरती."

वकीलही तेच म्हणाले. कर्ज चुकलं हा निर्णयातला दोष, त्यातून वाट निघते. हजेरी खोटी लावली हा वेगळाच गुन्हा, आणि तो सगळ्यात आधी माझ्या सहीवर शाबीत होतो. विरोध लिहून घ्यायची सोय सभेला असलेल्यांसाठी असते, नसलेल्यांसाठी नाही. मी लेखापरीक्षकांना फोन करावा असं मनात आलं. ते निवृत्त झाले होते, आणि ते काय म्हणतील हे मला माहीतच होतं.

अर्धा तास घासाघीस करून मी एवढंच मिळवलं की "कागदपत्रे तपासून" हे दोन शब्द वकिलांनी खोडले आणि पान पुन्हा टाईप करून आणलं. "प्रत्यक्ष हजर राहून" तसंच राहिलं.

त्याखाली मी सही केली. या वेळी हात कोरडे होते.